शरीराचा नकार : अवयव-प्रत्यारोपणाच्या इतिहासातील काही मराठी पाने

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकिकत पत्ररूपाने छापून आली. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. पत्रलेखक या कारागिराला विटा पाडणाऱ्या जातीचा म्हणतो. मेणाचा साचा घेऊन तेवढी कातडी कपाळावर आखायची, ती सोडवून भुवयांच्या मधल्या देठावर फिरवून नाकाच्या जागी बसवायची, आणि ती रुजली की देठ कापायचा, अशी ही रीत होती. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ती पाहिल्याचे पत्रात नमूद आहे. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू याने लंडनमध्ये तीच रीत अवलंबिली आणि युरोपातील आधुनिक नासिकारोपणाला तिथून पुन्हा चालना मिळाली.

आपल्याकडे ही हकिकत बहुधा सुश्रुताच्या पाठोपाठ, अभिमानाने छाती फुगवण्यासाठी सांगितली जाते. आम्हांला तिच्यातील एक निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या कारागिराने कातडी घेतली ती कावसजीच्याच कपाळाची. दुसऱ्याची कातडी टिकत नाही हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवले नसावे. ते त्याच्या हाताला ठाऊक असणार. त्याच्या आधी दोनशे वर्षे, १५९७ मध्ये, बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सी याने दंडाच्या कातडीने नाक घडवण्यावर मोठा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या माणसाची कातडी वापरण्याचा विचार त्याने प्रत्येक व्यक्तीच्या वेगळेपणाच्या बळाकडे बोट दाखवून बाजूला सारला. लोकांनी मात्र त्याच्या नावावर उलटीच दंतकथा चिकटवली : गुलामाच्या कातडीपासून केलेले धन्याचे नाक तो गुलाम मेला त्या क्षणी गळून पडले. सॅम्युअल बटलरने 'ह्यूडिब्रास' या उपहासकाव्यात हिची टर उडवली आहे. दंतकथेतले शरीरशास्त्र चुकीचे आहे, पण परक्याचा अवयव कायमचा आपला होत नाही ही भीती तिच्यात नेमकी उतरली आहे.

आपल्या पुराणकथांत मात्र ही भीती आढळत नाही. गजमुख बालकाच्या धडावर बसते आणि लगेच बोलू लागते. 'वेतालपंचविशी'तील शिरांच्या अदलाबदलीच्या कथेत वेताळ विचारतो तो प्रश्नही पती कोणाचा हा आहे. मस्तक टिकेल का, हा नाही. राजा उत्तर देतो की सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ, म्हणून शिर ज्याचे तो पती. गिरीश कार्नाडांनी १९७१ च्या 'हयवदन'मध्ये ही कथा पुढे नेली. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादामुळे हे नाटक मराठी वाचकालाही आपले वाटते. देवदत्ताच्या मस्तकाला जोडलेले कपिलाचे बलदंड शरीर हळूहळू देवदत्ताचे होते, मऊ पडते. शरीराला स्वतःची स्मृती असते एवढे कार्नाड मान्य करतात, पण अखेरचा शब्द मस्तकाचाच. रोगप्रतिकारशास्त्राने दिलेले उत्तर याहून फार वेगळे आहे. त्याच्या दृष्टीने 'मी कोण' हे मेंदूला विचारून ठरत नाही. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात, निम्मी आईकडून व निम्मी वडिलांकडून आलेली. रक्तातील लिंफ-पेशी ती चाचपून पाहतात आणि खूण अनोळखी निघाली की हल्ला चढवतात. रुग्णाची इच्छा, डॉक्टरांचे कौशल्य, दात्याचे प्रेम, यांतले काहीच त्यांना समजत नाही.

या नकाराचा पहिला नीट अभ्यास दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर झाला. पीटर मेडावर आणि शल्यविशारद थॉमस गिब्सन यांनी ग्लासगो येथे १९४३ मध्ये दाखवून दिले की, एका दात्याची कातडी एकदा गळून पडली आणि त्याच दात्याची पुन्हा लावली, तर दुसरी अधिक लवकर गळते. म्हणजे शरीर आधीची भेट लक्षात ठेवते. देवी किंवा गोवर एकदा होऊन गेल्यावर पुन्हा होत नाही, त्यामागचीच ही शक्ती. जी आपल्याला तारते तीच इथे आडवी येते. पुढे १९५३ मध्ये मेडावर, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदरांच्या गर्भांत परक्या पेशी टोचून सिद्ध केले की जन्मापूर्वी ओळख झाली तर शरीर परक्यालाही आपले मानते. याबद्दल १९६० चे नोबेल मेडावर यांना मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासमवेत मिळाले. बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी केलेले मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. तिथे नकार द्यायला 'दुसरा' कोणी नव्हताच.

येथे शब्दाविषयी थोडे विषयांतर. मराठीत 'आरोप-प्रत्यारोप' ही वर्तमानपत्री जोडी सर्वांच्या ओठांवर आहे. 'प्रत्यारोपण' हा शब्द त्याच धातूपासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ रोप लावण्याशी संबंधित आहे. 'कलम' हा शब्द तर लेखणी, कायद्यातील तरतूद आणि झाडाचे कलम असे तिन्ही अर्थ सांभाळतो. झाडांची कलमे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. झाडाला जनावरासारखी शिकणारी, लक्षात ठेवणारी प्रतिकारशक्ती नसते, म्हणून गावरान आंब्यावर हापूस सुखाने राहतो. शेतीतून आलेल्या या शब्दांनी माणसाच्या बाबतीत आपली थोडी दिशाभूलच केली. रुग्णांनी मात्र भाबडेपणा टाकून सरळ 'रिजेक्शन' हा शब्द उचलला. पाठ्यपुस्तकांतला 'अस्वीकार' त्याच्यापुढे फिका वाटतो. अस्वीकार सभ्यपणे होतो. इथे शरीर अंगावर धावून येते.

हा हल्ला थोपवायचा कसा? प्रथम सर्वांगावर क्ष-किरण सोडून पाहिले, त्यात बहुतेक रुग्ण संसर्गाने गेले. वाट सापडली ती रक्ताच्या कर्करोगाच्या औषधांतून. गर्ट्रूड एलियन यांना स्त्री म्हणून प्रयोगशाळांची दारे बंद होती. काही काळ त्यांनी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत लोणच्याची आम्लता तपासण्याचे काम केले. १९४४ मध्ये त्या जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली रुजू झाल्या आणि तिथे त्यांनी पेशींच्या वाढीला खीळ घालणारी संयुगे तयार केली. त्यांतले एक संयुग सशांची प्रतिकारशक्ती दडपते हे १९५९ मध्ये बोस्टनच्या श्वार्ट्झ व डॅमेशेक यांनी दाखवले. ब्रिटनच्या रॉय काल्न यांनी ते कुत्र्यांच्या मूत्रपिंडरोपणात वापरले. त्याचेच सुधारित रूप म्हणजे अ‍ॅझाथायोप्रिन. १९६३ च्या सुमारास त्याला स्टेरॉइडची जोड मिळाली आणि जुळ्यांबाहेरही प्रत्यारोपण शक्य झाले. पीएच.डी. पूर्ण न करता आलेल्या एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले.

हे सर्व बोस्टन-लंडनला चालले असताना परळला काय चालले होते? सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या परिसरात या नकाराची एक खूण आधीच हाती लागली होती. डॉ. य. मो. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९५२ च्या 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगुणधर्माची नोंद केली. तोच पुढे 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला गेला. तपासणीत हे रक्त 'ओ' गटाचे भासते, पण अशा माणसाला 'ओ' गटाचेही रक्त चालत नाही. 'ओ'च्या पेशींवरही जो 'एच' पदार्थ असतो तोच त्याच्याकडे नसतो, म्हणून त्याचे शरीर त्यालाही परके मानते. रक्त देणे हेही एक प्रत्यारोपणच आहे, अल्पकाळाचे. 'मी' आणि 'दुसरा' यांची सीमा किती बारीक असते हे या मराठी डॉक्टरांनी दाखवून दिले. शालेय पुस्तकांत या शोधाला एखादी ओळ मिळते, तीही नेहमी नाही.

त्याच आवारात डॉ. प्रफुल्लकुमार सेन होते. जन्माने बंगाली, पण त्यांचे कर्तृत्व सारे मुंबईचे. पारुळकर, पांडे आणि विकृतिशास्त्रज्ञ किनरे या सहकाऱ्यांसह त्यांनी कुत्र्यांवर हृदयरोपणाचे शंभर प्रयोग केले आणि त्यांचा प्राथमिक वृत्तान्त १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मे महिन्यात केईएममध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवण्याचा भारतातील पहिला प्रयत्न झाला. रुग्ण फार दिवस जगला नाही. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय बसवले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६-१७ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री, सेन यांनी एका २७ वर्षांच्या शेतकऱ्याच्या छातीत रेल्वे अपघातात दगावलेल्या तरुणीचे हृदय बसवले. ते आशियातील पहिले आणि जगातील सहावे हृदयरोपण होते. हृदय धडधडू लागले, पण रुग्ण सुमारे तीन तासांत गेला. सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला आणि तो रुग्ण चौदा तास जगला. सेन यांनी त्यानंतर हृदयरोपण केले नाही.

या दोन रात्रींविषयी आपल्याकडे लिहिले गेले ते एकतर धाडसाचे पोवाडे म्हणून, नाहीतर अपयशाची कुजबुज म्हणून. दोन्ही अपुरे आहे. तीन तासांत किंवा चौदा तासांत रिजेक्शनची वेळच आली नाही. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला होता आणि नव्या हृदयाला तो पेलला नाही. परंतु रुग्ण त्यातून वाचता, तरी पुढे काय होते? बर्नार्डचा पहिला रुग्ण अठरा दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला, कारण नकार दडपण्यासाठी दिलेल्या औषधांनी त्याची सगळीच ढाल काढून घेतली होती. १९६८ या एका वर्षात जगात शंभरावर हृदये बसवली गेली. त्यांतले बहुतेक रुग्ण काही महिन्यांतच दगावले आणि दोन-तीन वर्षांत, स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे यांच्यासारखे मोजके अपवाद वगळता, सर्वांनी हात आवरते घेतले. म्हणजे जे परळला थांबले ते जवळजवळ सर्वत्र थांबले. हात तयार होते, टाके तयार होते, पण औषध तयार नव्हते. शस्त्रक्रियेच्या इतिहासात नायक शोधण्याची सवय लागल्यामुळे औषधाची अनुपस्थिती आपल्या नजरेतून सुटते. आणखी एक अनुपस्थिती होती. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत झाला, असे म्हणणारा कायदा तेव्हा भारतात नव्हता.

मूत्रपिंडाच्या बाबतीत गोष्ट पुढे सरकली ती १९७१ मध्ये वेल्लोरला, जिवंत नातेवाइकाच्या दानाने. खरा पालट मात्र मातीतून आला. सँडोझ या स्विस कंपनीत अशी पद्धत होती की सुट्टीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्याने परगावची थोडी माती पिशवीत घालून आणावी. १९६९ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगर पठारावरून आलेल्या मातीत एक बुरशी सापडली. बुरशीनाशक म्हणून तिचा अर्क कुचकामी ठरला. पण १९७२ च्या आरंभी बाझलच्या प्रयोगशाळेत तो लिंफ-पेशींना आवर घालतो, आणि बाकीच्या पेशींना मारत नाही, असे दिसून आले. हेच सायक्लोस्पोरिन. ते पाण्यात विरघळेना. केंब्रिजमध्ये काल्न यांच्याकडे काम करणाऱ्या कोस्ताकिस या ग्रीक तरुणाने ते ऑलिव्ह तेलात कालवले, तेव्हा काम भागले. १९७८ मध्ये ते माणसांत वापरले गेले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मृत दात्याचे मूत्रपिंड वर्षभर टिकण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावरून ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेले. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतून निघाले. सिरोलिमस ईस्टर बेटावरच्या मातीतून माँट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल यांनी वेगळे केले. कंपनीने तो प्रकल्प बंद केला तेव्हा सेहगल यांनी जंतूंच्या कुप्या घरच्या शीतपेटीत जपून ठेवल्या. औषध मान्य झाले ते १९९९ मध्ये.

आपल्याकडेही माती चाळली जात होती. पुण्याजवळ पिंप्रीला १९५४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. थिरुमलाचार यांनी तिथल्याच मातीतील एका जीवाणूपासून हामायसिन हे बुरशीनाशक शोधले. त्या जीवाणूच्या शास्त्रीय नावात 'पिंप्रिना' म्हणून गाव कायमचे कोरले गेले आहे. शोध चालू होता तो रोगजंतूंच्या शत्रूंचा. बाझलला १९७० च्या सुमारास फरक पडला तो एवढाच की, प्रत्येक अर्क प्रतिकारशक्तीवरही तपासून पाहण्याची चाळणी त्यांनी लावली. पिंप्रीच्या कुप्यांत तसे काही होते का, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

सायक्लोस्पोरिन आल्याने एक अनपेक्षित गोष्ट घडली. तोवर मूत्रपिंड द्यायचे तर आईबाप, भावंडे, म्हणजे खुणा जुळणारी माणसेच हवी असत. शरीराचा नकार हा एका परीने गरिबाचे कुंपण होता, कारण अनोळखी माणसाचे मूत्रपिंड विकत घेऊन उपयोग नव्हता. औषधाने हे कुंपण मोडले. १९८० च्या दशकात मुंबई ही मूत्रपिंडांची बाजारपेठ म्हणून कुप्रसिद्ध झाली. आखातातून आणि इतर ठिकाणांहून गिऱ्हाइके येत, आणि विकणारे असत कर्जात बुडालेले. मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी मद्रासमधील वस्त्यांचा अभ्यास करताना या औषधाचा आणि त्या बाजाराचा संबंध उघड करून दाखवला. जो नकार शरीराने द्यायचा तो आता कायद्याला द्यावा लागला. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेने १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. तो या राज्यांत फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. त्याने मेंदूमृत्यू मान्य केला, विक्री गुन्हा ठरवली, आणि नववे कलम घातले : जवळचा नातेवाईक नसलेला माणूस केवळ स्नेहापोटी अवयव देत आहे, हे समितीला पटले तरच परवानगी. कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळून महिनाही झाला नव्हता तोच, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. परळच्या त्या रात्रीनंतर सव्वीस वर्षे उलटली होती. औषध आणि कायदा, दोन्ही आता हाती होते.

स्नेहाची परीक्षा समिती घेते. घरातल्या दबावाची कोण घेणार? भारतात जिवंत दात्यांमध्ये बायकांची संख्या फार मोठी आहे आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुषांची. आई देते, बायको देते. या व्यवहाराला शरीरशास्त्राचीही एक विचित्र बाजू आहे. गरोदरपणात गर्भातून आलेल्या वडिलांच्या खुणांशी बाईच्या शरीराची गाठ पडते आणि काही जणींच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पुढे तिलाच मूत्रपिंडाची गरज पडली, तर नवऱ्याचे मूत्रपिंड तिचे शरीर तडकाफडकी नाकारू शकते. तिने त्याला देण्यात ही अडचण नसते. मुले देण्याची ही किंमत कोणत्याही मातृस्तोत्रात नोंदलेली आम्ही वाचली नाही. आणि तरी मूळ कोडे उरतेच : निम्मा परका असलेला गर्भ आई नऊ महिने नाकारत कशी नाही? मेडावर यांनीच १९५३ मध्ये तो प्रश्न मांडला होता. पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने मे २०१७ मध्ये आईचे गर्भाशय मुलीला बसवले. त्यांच्या अशाच एका शस्त्रक्रियेनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये बाळ जन्मले. या प्रत्यारोपणात एक सोय आहे. अपत्य झाल्यावर गर्भाशय काढून टाकता येते आणि गोळ्या बंद करता येतात.

मूत्रपिंड घेतलेल्याला ती सोय नाही. अहमदाबादचे डॉ. हरगोविंद त्रिवेदी (मृत्यू २०१९) यांनी दात्याच्या मूळपेशी आधी टोचून शरीराला सहिष्णू करण्याचे आणि औषधे कमी करण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले, पण ती पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही. तेव्हा गोळी जन्मभराची. २००५ पर्यंत औषधाच्या पदार्थावर पेटंट न देणाऱ्या भारतीय कायद्यामुळे देशी कंपन्यांना ही औषधे स्वस्तात बनवता आली, तरी ती अनेकांच्या आवाक्याबाहेरच राहिली. मग आपल्या डॉक्टरांनी एक युक्ती वापरली. किटोकोनॅझोल नावाचे बुरशीवरचे स्वस्त औषध जोडीला दिले की यकृत सायक्लोस्पोरिन सावकाश फोडते आणि कमी मात्रेत भागते. इतर देशांतले डॉक्टर ज्या आंतरक्रियेला दुष्परिणाम म्हणून टाळत, तिला इथे कामाला लावले. क्षयाच्या बाबतीत गणित उलटे होते. प्रतिकार दडपला की अंगात दबून असलेला क्षय डोके वर काढतो, आणि त्याच्यावरचे मुख्य औषध रिफाम्पिसिन घेतले की रक्तातले सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस झपाट्याने उतरते. क्षय आवरावा तर मूत्रपिंड जाण्याची भीती, मूत्रपिंड सांभाळावे तर क्षयाची.

आमच्या खान्देशात डायलिसिसची सोय आता जळगावला आणि धुळ्याला आहे. प्रत्यारोपणासाठी मात्र रुग्ण बहुधा मुंबई, पुणे, नाशिक किंवा गुजरात गाठतो. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. शस्त्रक्रियेचा भार त्याने हलका होतो. पुढची वीस वर्षे दर बारा तासांनी घ्यायच्या गोळीचा हिशेब घरालाच करावा लागतो. तिची रक्तातली पातळी मोजायची तर रक्त सकाळच्या गोळीआधी द्यावे लागते. म्हणून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेला माणूस सकाळची गोळी खिशातच ठेवतो, आणि रक्त देऊन झाल्यावर रुग्णालयाच्या नळाशी ती घेतो.